परदेशातल्या थीम पार्कची सहल: आधी उंची, मग तारीख, मग पैसे

पॅकेजच्या जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. त्यात विमान, हॉटेल आणि पार्कचं तिकीट धरलेलं असतं. गेटच्या आत दिवसभरात जे पैसे सुटतात ते त्यात नसतात. आणि ज्या राइडसाठी मुलांनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं, तिच्यावर त्यांना बसू तरी देतील का, हे कोणी सांगत नाही. म्हणून ठाण्याच्या राम मारुती रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कोटेशन मागायला जाण्याआधी घरात तीन गोष्टी पक्क्या करा: मुलांची उंची, जायच्या तारखा आणि तिथल्या चलनातला खर्च. क्रम हाच ठेवा. बहुतेक घरांत तो उलटा होतो आणि मग पार्क मुलांच्या मापाचा निघत नाही.

टेप घ्या, मुलांना भिंतीला उभं करा

पार्कचं तिकीट वयावर असतं, पण राइडवर उंची बघतात. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून सेंटीमीटरमध्ये मोजा. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजचं उदाहरण घ्या. तिथे कॅनॉपी फ्लायरला ९२ सेंटीमीटर लागतात, ट्रान्सफॉर्मर्सला १०२, जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, ममीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलेक्टिकाला १२५. रांगेच्या तोंडाशी मापाची काठी घेऊन माणूस उभा असतो. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, आणि पाऊण तास रांगेत उभं राहून मागे फिरलेल्या मुलाचा उरलेला दिवस वाया जातो तो वेगळाच.

चार ते दहा वर्षांची मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. आज ११९ असलेली मुलगी सहा महिन्यांनी कशीबशी १२२ ला पोचेल. तिच्यासाठी दिवाळीऐवजी मे महिना धरला तर ममी नक्की मिळते. असा हिशेब लावूनच पार्क निवडा.

आमचा कल असा. घरातलं धाकटं मूल १०० सेंटीमीटरच्या आत असेल तर हाँगकाँगचं डिस्नेलँड बरं. पार्क आटोपशीर आहे, लहानांना बसता येण्यासारख्या राइड भरपूर आहेत आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिथे फ्रोझनचा वेगळा भाग उघडला आहे. १०५ ते १२५ च्या मधल्या मुलांसाठी सिंगापूर. १३० च्या पुढे गेलेल्या, भीती न वाटणाऱ्या मुलांसाठी अबू धाबीचं यास बेट. तिथल्या फेरारी वर्ल्डमधली ताशी २४० किलोमीटर वेगाची फॉर्म्युला रोसा १३० सेंटीमीटरशिवाय मिळत नाही. एक मूल १३५ आणि दुसरं ९५ असेल तर कुठेही गेलात तरी आई-बाबांना आलटून पालटून बसावं लागेल. मोठ्या पार्कांत त्यासाठी सोय असते: एक पालक राइडवर जातो, दुसरा धाकट्याला घेऊन थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसरा बसतो. रांगेत शिरतानाच कर्मचाऱ्याला विचारायचं.

सहल पक्की करण्याआधी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला एक दिवस जाऊन या. ठाण्याहून काय किंवा खारघरहून काय, सकाळी निघून रात्री परतता येतं. मूल अंधाराच्या राइडला घाबरतं का, दुपारी दोनला त्याचे पाय गळतात का, आजीला उन्हात किती वेळ उभं राहवतं, हे तिथे स्वस्तात कळतं.

आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी

आपल्याकडे मे महिना आणि दिवाळी. पण पार्कातली गर्दी ठरते ती तिथल्या कॅलेंडरवर. सिंगापूरच्या शाळांची सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यात लागते आणि जूनच्या शेवटापर्यंत चालते. त्यामुळे मेचे पहिले तीन आठवडे आपल्यासाठी सोयीचे. त्यांची वर्षअखेरची सुट्टी नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते, म्हणजे दिवाळीची सुट्टीही बहुतेक वर्षी चालून जाते. मात्र सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत युनिव्हर्सलमध्ये ठरावीक रात्री हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी दिवसाच्या तिकीटवाल्यांना लवकर बाहेर काढतात. तीच रक्कम भरून कमी तास मिळतात. तारीख निवडताना पार्कच्या संकेतस्थळावर उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादी, दोन्ही बघा.

जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांच्या सुट्ट्यांचा आठवडा. त्या दिवसांत टोकियो डिस्नेला जाणं म्हणजे दिवसभर रांगेत उभं राहणं. हाँगकाँगला १ ते ७ ऑक्टोबर आणि चिनी नववर्ष टाळा, शिवाय पावसाळी महिन्यांत वादळाचा ८ नंबरचा इशारा लागला की पार्कसकट सगळं शहर थांबतं. अबू धाबीत फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स छताखाली, वातानुकूलित आहेत, त्यामुळे मेच्या उन्हातही जमतं. ईदची सुट्टी तेवढी सोडा. कुठेही गेलात तरी पार्कचा दिवस मंगळवार ते गुरुवार ठेवा.

कागदपत्रांत कुठे अडतं

मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नेमका तोच संपलेला निघतो. प्रवासाच्या दिवशी सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. मोठ्यांच्या साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, अठरा वर्षांखालच्यांना १,०००, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. ठाणेकरांसाठी केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. तिथे तारीख मिळत नसेल तर दुसऱ्या केंद्रावरही अर्ज करता येतो. मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट ड लागतं.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, खाली आडनाव. विमानाच्या तिकिटावर ते तसंच्या तसं टाका. मधलं नाव गाळलं की दुरुस्तीचे पैसे जातात. आडनावाचा रकाना कोराच असेल तर अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला अडचण येते, आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. मूल परतीच्या आधी दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याची वेगळी सीट काढावी लागते. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ असू द्या.

सिंगापूरचा व्हिसा मान्यताप्राप्त एजंटामार्फत ऑनलाइन मिळतो. सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचं कमिशन. अर्ज साधारण प्रवासाच्या आधीच्या महिनाभरात करतात. फोटो ३५ बाय ४५ मिलीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि ताजा. जुन्या फोटोमुळे अर्ज परत येतो. याशिवाय उतरण्याच्या तीन दिवस आधीपासून आगमनाचं ऑनलाइन कार्ड भरायचं. ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर असाल तर बाहेर पडा. हाँगकाँगला भारतीयांनी आधी ऑनलाइन नोंदणी करायची, तीही फुकट. पॅरिसचं डिस्नेलँड मनात असेल तर शेंगेन व्हिसाचे मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि किमान ३०,००० युरोचा विमा हे आधीच हिशेबात घ्या.

हिशेब मांडू

आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. सिंगापूर, पाच रात्री, सहा दिवस. खालचे दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत, बुकिंगच्या दिवशीचे स्वतः भरा. सिंगापूर डॉलर ७० रुपये धरू.

विमान माणशी ३०,००० प्रमाणे १,२०,०००
व्हिसा कमिशनसकट १२,०००
हॉटेल रात्रीला २२० डॉलर, पाच रात्री: ७७,०००
युनिव्हर्सल आणि आणखी एक मोठं ठिकाण मिळून ५४० डॉलर: ३७,८००
जेवण दिवसाला ९० डॉलर, सहा दिवस: ३७,८००
तिथला प्रवास दिवसाला ३० डॉलर: १२,६००
विमा ३,०००, सिम ३,०००, विमानतळाची गाडी जाऊन-येऊन ३,०००
खरेदी २०,०००

बेरीज ३,२६,२००. वर दहा टक्के राखीव धरले की ३,५८,८२०, म्हणजे ३ लाख ६० हजार. राखीव रक्कम खरेदीसाठी नाही. ती चुकलेल्या टॅक्सीसाठी, तापाच्या औषधासाठी, फाटलेल्या चपलेसाठी.

यातला डॉलरमधला भाग २,३६० आहे. डॉलर एका रुपयाने चढला की तुमचा खर्च २,३६० रुपयांनी वाढतो. पाच रुपयांनी चढला तर ११,८००. म्हणून हॉटेल आणि पार्कची तिकिटं महिने दोन महिने आधी भरून टाकली की चढ-उताराची धास्ती अर्ध्यावर येते. दीड वर्ष हातात असेल तर महिना २०,००० ची आवर्ती ठेव पुरते. कर्ज काढून ही सहल करू नये; परत आल्यावर दोन वर्षं हप्ते भरताना राइड आठवत नाहीत.

हॉटेलचा दर बघताना दोन गोष्टी तपासा. रकमेपुढे दोन अधिकची चिन्हं असली तर दहा टक्के सेवा शुल्क आणि नऊ टक्के जीएसटी वर लागतो. दुसरं, खोलीत किती माणसं चालतात ते वाचा. तिथल्या खोल्या लहान, आणि ‘दोन मुलं फुकट’ याचा अर्थ अनेकदा ‘त्याच पलंगावर, नाश्त्याशिवाय’ एवढाच असतो. दुबईत हॉटेल प्रत्येक खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहॅमचा पर्यटन कर वेगळा घेतं, तो काउंटरवर भरावा लागतो.

एजंटाकडून पॅकेज घेणार असाल तर कोटेशनमध्ये जीएसटी आणि टीसीएस (एजंट तुमच्याकडून घेऊन सरकारात भरतो तो आगाऊ प्राप्तिकर) वेगवेगळे लिहून मागा. टीसीएस हा खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. मात्र तोवर पैसा अडकतो, आणि त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आला आहे, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्याच पॅनवर बुकिंग करा. आजोबांच्या नावाने केलं तर ते परत मिळवायला वेगळं विवरणपत्र भरत बसावं लागतं.

पैसे न्यायचे कसे

साध्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहाराला बहुधा साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. एकूण ४.१३ टक्के, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. फॉरेक्स कार्ड घेताना ते सिंगापूर डॉलरमध्येच भरून घ्या. अमेरिकन डॉलरमध्ये भरलेलं कार्ड सिंगापूरमध्ये घासलं की बदलाचा खर्च दुसऱ्यांदा लागतो. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारतं तेव्हा डॉलर निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. नेहमीच्या कार्डावरचा परदेशी वापर ॲपमधून आधी चालू करा. नाहीतर पहिलाच व्यवहार नाकारला जातो. रोख ३०० ते ४०० डॉलर पुरतात.

डब्यात काय न्यायचं, काय नाही

ठेपले, दशम्या, भडंग, मेतकूट, खाकरे बिनधास्त न्या. खसखस नेऊ नका. सिंगापूर आणि अमिरातीत खसखशीला अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे. नुसती पुडी नव्हे: अनारशांवर खसखस थापलेली असते, करंजीच्या सारणात असते, गोड्या मसाल्यातही असते. दिवाळीच्या सुट्टीत जाताना फराळाचा डबा उघडून आईला किंवा सासूबाईंना एकेक पदार्थ विचारा. चकली आणि शंकरपाळ्यांवर भागवा. सिंगापूरला च्युइंग गम आणि तंबाखूची पुडीही नको. अमिरातीत कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल परवानगीशिवाय चालत नाही. आजोबांच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा.

सिंगापूरमध्ये लिटल इंडियाजवळ हॉटेल घेतलं तर शाकाहारी जेवणाचा प्रश्नच उरत नाही. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे आणि टेक्का सेंटरमध्ये स्वस्तात पोट भरतं. टोकियोत मात्र शुद्ध शाकाहारी घरांचे हाल होतात, कारण मासळीचा अर्क कशातही असू शकतो.

पार्कचा दिवस

विमानाने उतरल्याच्या दिवशी पार्क ठेवू नका. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास आणि घड्याळ अडीच तास पुढे; रात्रीच्या विमानाने गेलात तर मुलं दुपारी झोपेने पेंगतात. तिसरा दिवस उत्तम.

युनिव्हर्सलला मेट्रोने हार्बरफ्रंटपर्यंत जा. तिथून पार्क आहे त्या सेंटोसा बेटाची गाडी माणशी ४ डॉलर, किंवा सेंटोसा बोर्डवॉकवरून चालत फुकट. मेट्रोत प्रत्येकाने स्वतःचं कार्ड टेकवायचं असतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. ॲपवरून गाडी बोलावताना लक्षात ठेवा: १३५ सेंटीमीटरखालच्या मुलाला खासगी भाड्याच्या गाडीत लहान मुलांची सीट लागते, मीटरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. चालक नकार देऊन निघून जातो आणि तुम्ही फुटपाथवर. मुलं सोबत असताना टॅक्सीच बोलवा.

गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. उघडलं की समोरच्या दुकानांत न रेंगाळता ज्या राइडची रांग सगळ्यांत लांब लागते तिच्याकडे जा. पहिल्या दीड तासात तीन मोठ्या राइड होऊ शकतात. नंतर तेवढ्यालाच दुपार जाते. जेवण अकराला किंवा अडीचला, साडेबाराला अजिबात नाही. सिंगापूरला दुपारी गडगडाट होऊन पाऊस येतो आणि वीज चमकली की बाहेरच्या राइड थांबवतात, म्हणून उघड्यावरच्या राइड सकाळी, छताखालच्या राइड आणि कार्यक्रम दुपारी. घरातले पावसाळी रेनकोट न्या, तिथे तेच महाग मिळतात.

रांग टाळायचा एक्सप्रेस पास गर्दीच्या दिवशी तिकिटाच्या किमतीला जाऊन भिडतो. मूल १०७ च्या खाली असेल तर घेऊ नका. त्याच्या उपयोगाच्या राइड मोजक्या, आणि सगळ्यांना एकत्र राहायचं तर पास चौघांचा घ्यावा लागतो. सगळे १२५ च्या वर असतील आणि शनिवार-रविवारशिवाय गत्यंतर नसेल तर पैसे वसूल होतात.

बहुतेक पार्कांत बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, रिकामी पाण्याची बाटली चालते. सिंगापूरचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, भरत राहा. चौघांनी दिवसभर विकतच्या बाटल्या घेतल्या तर एका जेवणाचे पैसे जातात. राइडवरून बाहेर पडायची वाट बहुधा दुकानातूनच काढलेली असते. प्रत्येक मुलाच्या हातात सकाळीच ठरलेली रक्कम पाकिटात द्या, २५ डॉलर म्हणा, आणि दिवसाची खरेदी त्यातच. पहिल्याच दुकानात पाकीट रिकामं झालं तरी दुसरं देऊ नका. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. नवे बूट घातले की दुपारी टाचेला फोड येतो. निघायच्या आधी दोन आठवडे ठाण्यातल्या उपवनच्या तळ्याभोवती किंवा वाशीच्या सागर विहारला तेच घालून फिरा.

निघताना आणि परतल्यावर

तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालेलं नवी मुंबई. दोन वेगळी तिकिटं जोडताना एक विमान पनवेलकडे आणि दुसरं सहारला असं होऊ देऊ नका. घोडबंदर रोडवरून रात्री निघणाऱ्यांनी अवजड वाहनांच्या कोंडीसाठी तासभर जादा ठेवावा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत निघाली तर ती उघडायला लावतात.

परतल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत विकायचं असतं. २,००० अमेरिकन डॉलरइतकं पुढच्या सहलीसाठी ठेवता येतं. नाणी मात्र इथे कोणी घेत नाही. ती तिथल्या विमानतळावरच मुलांना संपवू द्या.